ताई, झाडू थोडा बाजूला ठेवा

पत्र:

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते, मंगळवार पेठेत राहते. २०१९ चा महापूर ओसरल्यावर पंचगंगेच्या घाटाजवळची झाडं प्लास्टिकच्या पिशव्यांनी लगडलेली पाहिली आणि आम्ही काही बायकांनी रविवारी घाट साफ करायला सुरुवात केली. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून कपिलतीर्थ मंडईत फुकट वाटल्या. शाळाशाळांतून बोललो. आधी चांगली गर्दी व्हायची, आता चार-पाचजणी उरलोय. रविवारी उचललेलं सोमवारी परत तिथंच दिसतं. परवा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, 'पिशवी न्हाई दिली तर गिऱ्हाईक फुडच्या पाटीवर जातंय. तुमास्नी काय जातंय बोलाय?' घरी मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते. ती म्हणते, 'आई, जिनिव्हात सगळ्या जगाला प्लास्टिकचा करार जमला नाही, तुझ्या पिशव्यांनी काय होणार?' हल्ली राग येत नाही, नुसता थकवा येतो. आशा कुठून आणायची? का सोडून द्यावं हे सगळं?

ता. क. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. पंगतीत प्रत्येकापुढं पाण्याची छोटी बाटली ठेवणार आहेत म्हणे. जाऊच नये असं वाटायला लागलंय. माझं काही चुकतंय का?"

— एक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ताई,

सोडून द्यायचं असेल तर खुशाल द्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यासाठी कुणाची तरी परवानगी लागते असं तुम्हाला वाटतंय, हे पत्रावरून दिसतंच आहे. नोकरी, घर, आणि वर इतके रविवार. एवढं पुष्कळ झालं असं म्हणालात तर तुम्हाला नावं ठेवायची कुणाची टाप नाही. पण सोडणारी माणसं सल्ला विचारत बसत नाहीत, ती रविवारी उशिरा उठतात. तेव्हा तुम्हाला सोडायचं नाहीये असं धरून पुढचं लिहिते.

आशा कुठून आणायची, असं विचारलंयत. आधी आशा गोळा करायची आणि मग तिच्या जोरावर काम करायचं, असा क्रम तुम्ही मनात धरलेला दिसतो. चळवळीतल्या माणसांकडं बघून मला तरी उलटा क्रम दिसतो. हाती घेतलेलं एखादं काम पुरं झालं की हुरूप येतो, आणि त्या हुरुपावर पुढचं सुरू होतं. तुमची पंचाईत अशी की तुम्ही नेमकं कधीच पुरं न होणारं काम अंगावर घेतलंय.

घाटाचं बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन तुमच्यासमोर येतं. वरच्या गावांचे आठवडी बाजार, जत्रा, लग्नं, वाढदिवस यातलं जे काही ओढ्यात पडलं, ते पावसात घाटाच्या दिशेनं निघतं. राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पुराचं पाणी मोजतात, धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. एवढं पाणी गटारं, कोंडाळी, गोदामं, उसाचे फड धुऊन आणतं आणि उतरताना सगळं फांद्यांना, कुंपणांना अडकवून जातं. त्या झाडांवर तुम्ही जे पाहिलंत तो एका पंचक्रोशीचा कित्येक वर्षांचा साठा होता. सोमवारी घाटावर काय दिसतं यावर जर तुम्ही आपला रविवार मोजणार असाल, तर जन्मभर नापासच व्हाल. मग तुमच्याबरोबर चारजणी असोत की चारशे.

आता मुलीचं. तिचं म्हणणं खोटं नाही, उगाच तिच्याशी वाद घालू नका. प्लास्टिकबद्दल जागतिक करार करायचा असं मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं. २०२४ च्या अखेरीस बुसानला तो व्हायचा होता, झाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला पुन्हा सगळे जमले, तिथंही नाही. पण का झाला नाही, हे तिलाच विचारा, तिला माहीत असेल. शंभराहून अधिक देशांचं म्हणणं होतं की मुळात प्लास्टिक तयार करण्यावरच मर्यादा हवी. तेल आणि पेट्रोकेमिकलवर ज्यांचं पोट चालतं ते देश म्हणाले, उत्पादनाला हात लावू नका, कचरा नीट उचलायचं तेवढं ठरवू. आणि करार सर्वसहमतीनंच करायचा असल्यामुळं गाडं तिथंच अडलं.

म्हणजे ताई, जिनिव्हातलं भांडण आणि तुमच्या मनातलं भांडण एकच आहे. नंतर उचलत बसायचं, की आधीच कमी करायचं? तुम्ही इतकी वर्षं उचलण्याच्या बाजूला उभ्या आहात. त्यात वाईट काही नाही. पण जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होतंय, आणि आजवर कचऱ्यात गेलेल्यापैकी शेकडा दहासुद्धा पुनर्वापरात आलेलं नाही. अशा वेळी उचलणाऱ्याच्या वाट्याला थकव्याशिवाय दुसरं काय येणार? तुमच्या थकव्याला मी कमकुवतपणा मानत नाही. तो हिशेबानंच आलाय.

मग करायचं काय? इथं मला लांबची उदाहरणं द्यायची नाहीत. तुमच्याच घाटावरचं एक आहे.

गणपतीची मूर्ती नदीत सोडू नका, दान करा, असं सांगत पहिले कार्यकर्ते उभे राहिले तेव्हा त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते तुमच्या वयाच्या माणसाला सांगायला नको. 'आमच्या सणात नाक खुपसू नका' हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. आज विसर्जनाच्या दिवशी पंचगंगेवर, रंकाळ्यावर, ठिकठिकाणच्या चौकांत काहिली, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या पसरट कढया, पाणी भरून मांडलेल्या असतात. माणसं आरती करतात, मूर्ती काहिलीतल्या पाण्यात बुडवतात, कार्यकर्त्यांच्या हाती सोपवतात आणि प्रसाद वाटत घरी जातात. मंडळांच्या मोठ्या मूर्ती इराणी खणीकडं, म्हणजे पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणीकडं जातात. सगळं शहर बदललं असं म्हणणार नाही, दरवर्षी कुणी ना कुणी नदीचाच हट्ट धरतं आणि त्यावर वादही होतात. तरी जे एके काळी धर्मबुडवेपण वाटायचं ते आता घरातल्या आजीला चालतं, हे काही थोडं नव्हे.

हे भाषणांनी झालं का? थोडंफार झालं असेल. पण मला त्यात त्या काहिलीचा वाटा मोठा दिसतो. गुऱ्हाळातली काहील आपल्याकडच्या कुणाला परकी नाही. तिच्यात पाणी आहे, मूर्ती बुडवता येते, 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणता येतं. म्हणजे विधी मोडत नाही, फक्त पाणी बदलतं. आणि मुख्य म्हणजे ती तिथंच असते. माणूस मूर्ती घेऊन जिथं येतो, बरोबर त्याच्या पायाशी. त्याला घरून काही आठवणीनं आणावं लागत नाही, कुठं वाकडी वाट करावी लागत नाही. मागं महापालिकेची यंत्रणा असते आणि पुढं तालमीतला, मंडळातला एखादा मान असलेला माणूस स्वतःची मूर्ती तिथं देतो. मग बाकीचे देतात.

तुमच्या साड्यांच्या पिशव्यांचं काय झालं, याचं उत्तर यातच आहे. तुम्ही त्या फुकट वाटल्या. आज त्या कुठं असतील सांगू? दाराच्या मागं खिळ्याला, आत दुसऱ्या पाच पिशव्या कोंबून. घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माणूस गाडी लावून मंडईत शिरतो तेव्हा त्याच्या हातात हेल्मेट असतं आणि पिशवी घरी. काहिलीसारखी ती मंडईच्या तोंडाशीच हवी. वीस रुपये ठेव ठेवा, पिशवी न्या. परत आणून दिलीत की वीस रुपये परत. ज्याला परत करायची नसेल त्याची ती झाली, तुमचं कापड-शिलाई सुटलं. आणि हे काम तुम्ही स्वतः करू नका. मंडईच्या दारातल्या एखाद्या विक्रेतीकडं द्या, पिशवीमागं दोन रुपये तिला ठेवा.

विक्रेती कोण, म्हणाल तर त्या मावशीच. त्यांचं बोलणं तुम्हाला टोमण्यासारखं लागलं. मला तर तो चोख हिशेब वाटला. किलोवर पिशव्या विकत आणायच्या आणि गिऱ्हाइकाला फुकट द्यायच्या, यात त्यांचाच पैसा जातो. बंद झाल्या तर त्यांना बरंच आहे. त्यांना भीती वाटते ती पुढच्या पाटीची. म्हणजे अडचण काय आहे ते त्यांनी तुम्हाला एका वाक्यात सांगितलं, आणि इलाजही: एकट्या मावशींना बंद करायला सांगू नका, त्यांची अख्खी ओळ एका दिवशी बंद करा. पूर्ण मंडई नको, सगळं शहर तर नकोच. एक ओळ. समोरासमोर बसणाऱ्या सगळ्यांना एकदा चहाला बोलवा, दिवस त्यांनाच ठरवू द्या, आणि पहिले काही आठवडे ठेवीच्या पिशव्या कमी पडू देऊ नका. 'गिऱ्हाईक फुडं' गेलं तरी फुडं तेच.

हे काम पुरं होऊ शकतं. झालं किंवा नाही झालं, महिन्याभरात कळतं. फसलं तर का फसलं तेही कळतं. घाटावर यातलं काहीच कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मंडईत कुणीतरी विचारेलच. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक-थर्माकोलबंदी आहे. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, असा दंड तेव्हा ठरला. केंद्रानं १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ वगैरे एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद केल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीही. कागदावर कायदा कमी नाही. पण मोहीम निघाली की सापडते ती पाटीवाली, आणि तिला पोतं भरून माल देणारा ठोक विक्रेता निवांत. बांगलादेशनं तर २००२ मध्येच पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली, जगात पहिली, कारण पुरात तुंबलेली गटारं त्यांनीही पाहिली होती. तिथंही पिशव्या आजतागायत मिळतात. तेव्हा 'कायदा आला, आता झालं' असं समजू नका, आणि 'कायद्यानं काही होत नाही' असंही नको.

इथं मुलीला कामाला लावा. जिनिव्हाची काळजी करणाऱ्या पोरीला माहितीच्या अधिकारात एक अर्ज लिहायला काय हरकत आहे? दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. महापालिकेला विचारायचं: गेल्या तीन वर्षांत बंदी असलेलं प्लास्टिक किती किलो जप्त केलं, त्यातलं किरकोळ विक्रेत्यांकडून किती आणि ठोक विक्रेते, गोदामं यांच्याकडून किती, दंड किती वसूल झाला. उत्तर आलं की ते वर्तमानपत्रांच्या स्थानिक आवृत्त्यांना द्या आणि नगरसेवकाच्या हातात ठेवा. भाजीवालीशी हुज्जत घालण्यापेक्षा हे केव्हाही बरं, आणि मुलीलाही आईचं काम 'पिशव्या शिवणं' यापलीकडं दिसेल. तिच्या बोलण्यात मला कुचेष्टा कमी आणि भीती जास्त ऐकू आली. तिच्या पिढीला आकडे आधी भेटतात, माणसं नंतर.

घाट सोडा असं मात्र म्हणत नाही. महिन्यातून एकदा जा आणि जाल तेव्हा झाडण्याआधी निवडा. जमलेल्या कचऱ्याचे ढीग करा: निर्माल्यासकट फेकलेल्या पिशव्या एकीकडं, गुटख्याच्या पुड्या एकीकडं, वेफर-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं एकीकडं, थर्माकोल वेगळा. पाण्याच्या बाटल्या फारशा सापडणार नाहीत, कारण त्यांना भंगारात भाव आहे आणि कचरा वेचणाऱ्या बायका तुमच्या आधी येऊन गेलेल्या असतात. (शहराचा निम्मा भार या बायका वाहतात आणि सत्काराच्या वेळी त्यांना कुणी बोलवत नाही, हे जाता जाता.) वेष्टनांना भाव नाही, कारण प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून ती पडून राहतात. गुटख्याची तर गंमतच. महाराष्ट्रात तो २०१२ पासून बंद आहे, आणि २०१६ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरायलाच मनाई आहे. म्हणजे दोनदा बंद असलेली वस्तू तुम्ही दर रविवारी वाकून उचलताय.

ढीग केले की कुठल्या ढिगाचं काय करायचं ते दिसतं. वेष्टनांचा ढीग तुमच्या हातचा नाही, तो कंपन्यांचा आणि दिल्लीचा. फोटो काढून ठेवा, योग्य ठिकाणी पाठवा आणि मनातून उतरवा. निर्माल्याचा ढीग मात्र पूर्णपणे तुमच्या आवाक्यात आहे. नदीवर पिशवी घेऊन येणाऱ्याला फुलं 'पाण्यात' जायला हवी असतात, पिशवी जायलाच हवी असा त्याचा आग्रह नसतो. गाडी थांबते तिथं एक मोठा कुंड आणि शेजारी रिकामी पिशवी टाकायला एक पिंप, एवढं महापालिकेकडून मिळवा. पुन्हा तीच काहील.

आता तुमच्या चार-पाचजणींचं. गर्दी ओसरली याचं फार मनाला लावून घेऊ नका. दर रविवारी पहाटे कचरा उचलायला माणसं आयुष्यभर येत नाहीत आणि न येणाऱ्या वाईट नसतात. त्यांना फोन करून 'का आला नाहीत' विचारू नका. त्याऐवजी एकेक नेमकं काम सांगा. एकीला शिलाई येते, एकीची जाऊ नगरसेविका असते, एकीला अर्ज लिहिता येतो पण कंबर वाकत नाही. आणि घाटावरून थेट घरी जाऊन धुण्याला लागायचं हे बंद करा. मिसळ खा. कोल्हापुरात राहून नुसता कचरा बघून घरी जायचं म्हणजे काय! तिथं बसून प्लास्टिक सोडून दुसऱ्या विषयावर बोला. टोल घालवायला या शहराला वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं. ती माणसं एवढा काळ एकत्र राहिली ती निव्वळ संतापावर नव्हे, एकमेकांची सोबत आवडत होती म्हणूनही.

घरातली आघाडी शक्य तितकी गार ठेवा. दूध कट्ट्यावर जाऊन किटलीत आणता आलं तर उत्तम, नसेल जमत तर दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कुणीच उचलत नाही. पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्या, तो घेतो. यापलीकडं नवऱ्याला, सासूबाईंना धारेवर धरू नका. रात्री झोपताना मोबाइलवर समुद्रातल्या कासवांचे व्हिडिओ बघत असाल तर तेही थांबवा. तुम्हाला आणखी पटवून घ्यायची काही गरज उरलेली नाही.

उदास वाटेल अधूनमधून, ते वाटू दे. जिच्या नव्या पाण्याचे कलश आषाढात वाजतगाजत त्र्यंबोली देवीला नेतात, त्या नदीत केंदाळ आणि पिशव्या बघून वाईट वाटत नसतं तर तुम्ही रविवारी तिथं गेलाच नसता. पण ही उदासी महिनोन्‌महिने हटली नाही, झोप उडाली, बँकेतल्या कामातही लक्ष लागेना, तर तो चळवळीचा प्रश्न समजू नका. डॉक्टरांना भेटा.

राहिलं लग्न. जायचंच! पुतण्याचं लग्न वर्षातून दहादा येत नाही. 'काकू बाटल्यांवरून रुसली' ही गोष्ट मात्र घरात वीस वर्षं सांगितली जाईल, आणि दरवेळी तुमच्या बाजूचं एक माणूस कमी होईल. अजून महिना आहे. जावेला गाठा, एकट्यात, आणि उपदेश न करता खर्च विचारा: माणशी एक बाटली म्हटल्यावर किती पेट्या, किती रुपये? मग आचाऱ्याला किंवा कार्यालयाच्या मॅनेजरला विचारा, स्टीलचे पेले आणि पाण्याचे जार मिळतात का, वाढायला दोन पोरं जास्त लागली तर त्याचे किती. बऱ्याच कार्यालयांत पेले पडून असतात, कुणी मागत नाही एवढंच. आकडे जावेसमोर ठेवा आणि निर्णय तिच्यावर सोडा. मुलाची आई ती आहे.

तरीही बाटल्याच आल्या तर त्या दिवशी एक शब्द बोलू नका. पैठणी नेसा, अक्षता टाका, बाटली आली तर तिच्यातलं पाणी प्या. पंगत उठल्यावर रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून भंगारात कोण देणार, तेवढं आधी मॅनेजरकडून पक्कं करून घ्या, म्हणजे जेवताना तुमचं लक्ष जिलेबीवर राहील.